विद्यापीठाचा कॅमेरा आणि कूटदन्ताचा यज्ञ

चित्रपटाविषयी लिहिण्याची आम्हांस फारशी सवय नाही. सुत्तांचे अर्थ, लेण्यांतील शिलालेख आणि धर्मांतरानंतरच्या चळवळीचे प्रश्न यांतच आमची लेखणी बहुधा गुंतलेली असते. परंतु विद्यापीठांच्या आवारात तयार होणारा माहितीपट हा आता ग्रंथाइतकाच प्रमाण मानला जाऊ लागला आहे. तो वर्गात दाखविला जातो, त्याच्या आधारे प्रबंध लिहिले जातात आणि एखाद्या समाजाविषयी विद्यार्थ्याचे पहिले मत पुष्कळदा त्यातूनच घडते. ग्रंथाला आपण जी चिकित्सा लावतो ती त्याला लावू नये, असे कोणतेही कारण आम्हांस दिसत नाही.

प्रस्तुत लेखात दोन माहितीपटांचा प्रामुख्याने विचार केला आहे. एक अमेरिकन विद्यापीठांतील विद्वानांनी केरळातील वैदिक यज्ञावर केला. दुसरा मुंबईतील विद्यार्थ्यांनी आपल्याच शहरातील गोमांसभक्षणावर केला. दोहोंमध्ये जवळजवळ चार दशकांचे अंतर आहे. साधनसामग्री, कीर्ती व आश्रय या बाबतींत तर तुलनाच नाही. तरीही दोन्ही एकाच प्रश्नाभोवती फिरतात: पशूचा वध आणि त्यावरून ठरणारी माणसाची प्रतिष्ठा. हा प्रश्न बौद्धांना परका नाही. दीघनिकायातील कूटदन्त सुत्त त्याच प्रश्नावर उभे आहे.

प्रथम यज्ञाचा चित्रपट. एप्रिल १९७५ मध्ये, १२ ते २४ या तारखांना, केरळातील पांजाळ या गावी नंबुदिरी ब्राह्मणांनी अतिरात्र अग्निचयन हा श्रौत यज्ञ केला. पक्ष्याच्या आकाराची, पाच थरांची आणि हजाराहून अधिक विटांची वेदी रचण्यात आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राध्यापक फ्रिट्स स्टाल हे या उपक्रमाचे सूत्रधार होते. चित्रीकरणाची बाजू रॉबर्ट गार्डनर यांनी सांभाळली. हार्वर्ड विद्यापीठात १९५७ पासून चित्रपट-अभ्यासाचे केंद्र चालविणारे आणि न्यू गिनीतील दानी लोकांवरील 'डेड बर्ड्‌स' या चित्रपटामुळे नावाजलेले असे हे गृहस्थ. या दोघांचा 'ऑल्टर ऑफ फायर' हा चित्रपट १९७६ मध्ये तयार झाला. पुढे १९८३ मध्ये स्टाल यांनी 'अग्नी' नावाचा दोन खंडांचा प्रचंड ग्रंथही सिद्ध केला. (या बारा दिवसांतच १४ एप्रिल येऊन जातो. त्या दिवशी देशभरच्या वस्त्यांतून कोणती मिरवणूक निघाली होती, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.)

चित्रपट म्हणून त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. बारा दिवसांचा विधी तासाभराच्या आत बसविणे सोपे नव्हे. वेदीचे थर चढत जातात, मंत्रपठण चालते, अखेरीस मंडप अग्नीच्या स्वाधीन होतो. हा सारा क्रम पाहणाऱ्यास कळेल अशा रीतीने मांडलेला आहे. वैदिक कर्मकांड खरोखर कसे चालत असे हे केवळ पुस्तकावरून शिकणाऱ्या अभ्यासकाला याचा उपयोग होतो, आणि ब्राह्मणी कर्मकांडाची चिकित्सा करू इच्छिणाऱ्याला तर अधिकच होतो. ज्याचे खंडन करावयाचे ते आधी नीट पाहिले पाहिजे, अशी आमची परंपरा आहे.

या यज्ञात प्राचीन विधीप्रमाणे बोकडांचा बळी द्यावयाचा असतो. पांजाळ येथे तो दिला गेला नाही. यज्ञाची वार्ता पसरताच केरळातील वृत्तपत्रांतून पशुवधास विरोध झाला आणि अखेर बोकडांच्या जागी केळीच्या पानात गुंडाळलेले तांदळाच्या पिठाचे पिंड वापरण्याचे ठरले. हजारो वर्षे अखंड चालत आल्याचा ज्याचा लौकिक, तो विधी विसाव्या शतकातील लोकमतापुढे वाकला, ही आमच्या मते त्या बारा दिवसांतील सर्वांत महत्त्वाची घटना होय. चित्रपट जर एखाद्या जिवंत समाजाचा अभ्यास असता, तर तो याच ठिकाणी थांबला असता. विरोध कोणी केला, कोणत्या शब्दांत केला, याज्ञिकांत काय चर्चा झाली, कोण दुखावले, कोणास हायसे वाटले, हे त्याने विचारले असते. परंतु स्टाल यांची दृष्टी पुरातन विधीवर खिळलेली होती. वर्तमानाचा हा स्पर्श त्यांना विधीच्या कथेतील एक अडचण वाटली असावी.

आता कूटदन्ताकडे वळू. मगधातील खाणुमत या गावचा हा संपन्न ब्राह्मण महायज्ञाच्या तयारीत असतो. सातशे बैल, सातशे गोऱ्हे, सातशे कालवडी, सातशे शेळ्या आणि सातशे मेंढे यूपांना बांधण्यासाठी आणलेले असतात. यज्ञ यथासांग कसा करावा हे विचारण्यासाठी तो तथागतांकडे येतो. तथागत त्याला महाविजित राजाची कथा सांगतात. त्या राजाचा पुरोहित यज्ञापूर्वी राज्यातील दैन्य व चोऱ्या यांचा विचार करावयास लावतो: शेतकऱ्याला बी-बियाणे द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, सेवकाला वेतन द्यावे. मग जो यज्ञ होतो त्यात गाय, बकरी, मेंढा, कोंबडा, डुक्कर यांपैकी काहीच मारले जात नाही; तूप, तेल, दही, मध यांवर तो पार पडतो. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात यज्ञावरील विश्वासाची गणना अधम्मात केली, तेथे त्यांनी याच संवादाचा आधार घेतला आहे.

सुत्तातील एका तपशिलाकडे मात्र आपल्या प्रवचनांत पुरेसे लक्ष दिले जात नाही. पशू मारले गेले नाहीत एवढे सांगून ती कथा थांबत नाही. यूपांसाठी झाडे तोडली गेली नाहीत, दर्भ कापला गेला नाही, आणि यज्ञाच्या कामाला लावलेल्या दास, सेवक व मजुरांना दंडाच्या धाकाने, रडत, आसवे गाळीत राबावे लागले नाही. ज्यांना काम करावेसे वाटले त्यांनी केले, ज्यांना वाटले नाही त्यांनी केले नाही, असेही ती आवर्जून नोंदविते. पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा परिच्छेद परिचित असेल. आम्हांला त्यात पाहण्याची एक रीत दिसते. यज्ञ डोळ्यांपुढे असताना तथागतांची नजर वेदीवरून निघते आणि झाडाकडे, गवताकडे, मजुराच्या डोळ्यांतील पाण्याकडे जाते.

'ऑल्टर ऑफ फायर' या चित्रपटाची नजर तेथे जात नाही. निवेदन विधीचा क्रम सांगते. ज्या समाजाच्या आधारावर तो विधी उभा आहे त्याचा क्रम सांगत नाही. केरळ हा प्रांत असा होता की, जेथे स्पर्शानेच काय, ठरावीक अंतराच्या आत येण्यानेही विटाळ मानला जात असे. वैकोमचा सत्याग्रह १९२४-२५ मध्ये झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतालच्या रस्त्यावरून चालण्यासाठी होता. याच केरळात १९१७ मध्ये सहोदरन अय्यप्पन यांनी चेराई येथे अस्पृश्यांसह मिश्रभोजन घडवून आणले आणि त्यासाठी स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला. पुढे बौद्ध विचाराकडे ओढा असलेल्या या पुरुषाने आयुष्यभर जातीविरुद्ध लेखणी चालविली. पांजाळच्या मंडपाभोवती जो समाज उभा होता त्याच्या मागे हा सारा इतिहास होता. बी पेरणाराला बी मिळाले की नाही, हे विचारल्याखेरीज महाविजिताच्या पुरोहिताने यज्ञाला हात घातला नाही. दोन नामांकित विद्यापीठांच्या विद्वानांना हा प्रश्न सुचू नये, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

येथे स्टाल यांच्या सिद्धान्ताचाही उल्लेख केला पाहिजे. १९७९ मधील एका निबंधात आणि पुढे १९८९ च्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, कर्मकांडाला अर्थ नसतो. ती नियमबद्ध क्रिया असते, नियम पाळणे हेच तिचे सर्वस्व. आमच्या काही मित्रांना हे मत ऐकून आनंद झाला. यज्ञ निरर्थक असल्याची कबुली वैदिक विद्येच्या एका मोठ्या पंडितानेच दिली, असे त्यांना वाटले. आम्ही या आनंदात सहभागी होऊ शकत नाही. मंत्र म्हणणाराला त्या मंत्राचा अर्थ ठाऊक नसेल. परंतु मंडपात कोणी बसावे आणि कोणी बाहेर उभे राहावे, याचा अर्थ बाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला चांगला ठाऊक असतो. स्टाल यांनी अर्थाचा शोध आत घेतला. तेथे तो सापडला नाही, म्हणून तो नाहीच, असे त्यांनी ठरविले.

चित्रपटावरचा आणखी गंभीर आक्षेप आमचा नाही. तो अमेरिकेतील नाट्यशास्त्राचे अभ्यासक रिचर्ड शेक्नर यांनी १९८६ मध्ये घेतला. हा यज्ञ मुळात चित्रीकरणाच्या निमित्ताने घडला, विद्वानांनी निधी उभा केला नसता तर तो त्या वेळी झाला नसता, आणि ही गोष्ट चित्रपट पाहणाऱ्याला उमगत नाही, असे त्यांचे म्हणणे. स्टाल यांनी त्याला उत्तर दिले आणि विधीच्या अस्सलपणाचा कैवार घेतला. हा वाद वाचताना आम्हांस वाटले की, दोघेही अस्सल आणि नकली या द्वंद्वात अडकले आहेत. प्रतीत्यसमुत्पाद शिकलेल्याला असे अडकण्याचे कारण नाही. यज्ञ हेतु-प्रत्ययांनी घडला; निधी हा एक प्रत्यय, कॅमेरा हा दुसरा, याज्ञिकांची इच्छा हा तिसरा, वृत्तपत्रांतील निषेध हा चौथा. निधीमुळे यज्ञ खोटा ठरत नाही. प्रत्यय झाकून ठेवून फळ तेवढे दाखविणे मात्र खोटे ठरते. विधी कदाचित अखेरचाच ठरेल, या भावनेने तेव्हा इतका खटाटोप झाला. प्रत्यक्षात त्याच पांजाळ गावात २०११ मध्ये अतिरात्र पुन्हा झाले. मरणोन्मुख म्हणून जे टिपले त्याला नवे आयुष्य देण्यात त्या टिपण्याचाच काही वाटा असावा, असे आम्हांस वाटते.

गार्डनर यांच्या पुढच्या 'फॉरेस्ट ऑफ ब्लिस' (१९८६) या चित्रपटाविषयी थोडक्यातच लिहितो. तो वाराणसीच्या घाटांवर आहे. त्यात निवेदन नाही आणि लोकांच्या बोलण्याचे भाषांतरही नाही. लाकडे वाहणारे, झेंडूची फुले ओवणारे, चिता रचणारे डोम बोलतात, ओरडतात, भांडतात. परदेशी प्रेक्षकाला त्यांचा एकही शब्द कळत नाही. चित्रपटाच्या चाहत्यांनी याला काव्य म्हटले. वाराणसीच्या अंत्यसंस्कारांवर प्रदीर्घ अभ्यास केलेल्या जोनाथन पॅरी यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञांनी मात्र अशा मौनातून काय समजावे, असा प्रश्न त्याच दशकात विचारला होता. आम्हांला त्या काव्याचा मोह पडत नाही. ज्याला शतकानुशतके बोलू दिले नाही, तो बोलत असताना त्याचे शब्द केवळ आवाज म्हणून ऐकविणे हे सौंदर्यदृष्टीचे लक्षण असेल. करुणेचे लक्षण ते नव्हे. आणि त्याच नगरापासून थोड्याच अंतरावर सारनाथ आहे, जेथे धम्मचक्राचे प्रवर्तन लोकांना कळेल अशा बोलीत झाले.

आता दुसरा माहितीपट. मुंबईच्या देवनार भागात टाटा समाजविज्ञान संस्था आहे. १९३६ मध्ये स्थापन झालेली आणि १९६४ पासून विद्यापीठाचा दर्जा असलेली. याच देवनारमध्ये मुंबई महापालिकेचा कत्तलखानाही आहे. एकाच उपनगरातील या दोन वास्तूंत एरवी फारसे दळणवळण नसावे. संस्थेच्या माध्यम-अभ्यासाच्या विभागातील विद्यार्थ्यांनी 'कास्ट ऑन द मेन्यू कार्ड' या नावाचा सुमारे वीस मिनिटांचा माहितीपट तयार केला. मुंबईतील गोमांसभक्षणाच्या निमित्ताने अन्न हे बहिष्काराचे साधन कसे बनते, खाण्याच्या आवडीनिवडींत जात कशी डोकावते, आणि या प्रश्नाशी लोकांची उपजीविका व हक्क कसे जोडलेले आहेत, हा त्याचा विषय.

यानंतर महाराष्ट्रात काय घडले ते आठवावे. १९७६ च्या कायद्याने राज्यात गाईच्या कत्तलीस बंदी होती. २०१५ च्या मार्चमध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने ती बैल व वळू यांनाही लागू झाली. त्याच वर्षी दिल्लीतील 'जीविका' या उपजीविकाविषयक माहितीपटांच्या महोत्सवात विद्यार्थ्यांचा हा चित्रपट दाखविला जावयाचा होता. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने परवानगी दिली नाही. परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र नसलेल्या चित्रपटांना महोत्सवासाठी अशी सूट मागावी लागते, आणि ती न देणे म्हणजे बंदीचा शब्दही न उच्चारता बंदी घालणे होय. यज्ञाच्या चित्रपटात बोकडांऐवजी तांदळाचे पिंड आले, म्हणून त्याचा मार्ग सुकर झाला. देवनारच्या विद्यार्थ्यांना असे पिंड कोठून सापडणार?

या माहितीपटामागील विचाराची बीजे बाबासाहेबांच्या १९४८ मधील 'द अनटचेबल्स' या ग्रंथात आहेत. नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलेला तो ग्रंथ. यज्ञात गाई मारणारे आणि गोमांस खाणारे ब्राह्मण ते खाणे सोडून देतात, ते बौद्ध धम्माच्या प्रभावावर मात करण्यासाठी; आणि मेलेल्या गाईचे मांस खात राहिलेले वाताहत झालेले लोक, जे मूळचे बौद्ध, ते अस्पृश्य ठरतात, असा त्यांचा सिद्धान्त. इतिहासकारांनी त्याच्या तपशिलांवर वाद घातला आहे आणि तो घालावाच. परंतु अग्निचयनाचा चित्रपट आणि देवनारचा चित्रपट या सिद्धान्ताच्या प्रकाशात एकापाठोपाठ एक पाहिले, तर एकाच इतिहासाची दोन टोके समोर येतात. एका टोकाला ज्यांच्या पूर्वजांनी वेदीवर पशू मारले ते आज सात्त्विक म्हणून वंद्य आहेत. दुसऱ्या टोकाला ज्यांच्या पूर्वजांनी मेलेले जनावर ओढले त्यांचे ताट आज पोलिसांच्या चौकशीचा विषय झाले आहे.

हे लिहिताना आमच्याच काही उपासकांच्या कपाळावर आठ्या पडतील, याची आम्हांस कल्पना आहे. विहारात हा विषय नको, असे सांगणारे सज्जन आम्हांला भेटले आहेत. ते म्हणतात, बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडावयास सांगितले. आपण पंचशील घेतो, प्राणिहत्येपासून विरत राहण्याचे शील पहिलेच. मग गोमांसाचा चित्रपट आपण कशासाठी पाहावयाचा? या आक्षेपात प्रामाणिकपणा आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. महाडचा आदेश स्वाभिमानाचा होता. ज्या अन्नामुळे गुलामी चिकटली ते झुगारून देण्याचा होता. ज्यांच्याकडून ते अन्न आले त्यांच्याविषयी लाज बाळगण्याचा तो आदेश नव्हता. असे असते तर एकवीस वर्षांनी त्याच पुरुषाने त्याच अन्नाचा इतिहास भर प्रकाशात मांडला नसता. अहिंसेविषयी बोलतानाही त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला, हे धम्मग्रंथ वाचणाऱ्याला ठाऊक आहे. शील हे स्वतःच्या आचरणासाठी असते. दुसऱ्याचे ताट तपासण्यासाठी त्याचा वापर होऊ लागला की ते नवे सोवळे बनते, आणि सोवळ्याचे आपल्यावर काय उपकार आहेत ते आपण विसरलेलो नाही.

विद्यार्थ्यांच्या चित्रपटात दोष नाहीत असे नाही. वीस मिनिटांत त्यांनी इतके विषय हाती घेतले आहेत की, प्रत्येकाला हात लावून पुढे जावे लागते. जात, धर्म, धंदा, हक्क यांतील एकच धरून, एखाद्या स्वयंपाकघरात वा एखाद्या दुकानात दिवसभर बसून राहण्याचे धैर्य असते, तर चित्रपट अधिक खोल गेला असता. गार्डनर यांच्यापाशी तो धीर होता, हे मान्य करावे लागेल. उलट या विद्यार्थ्यांपाशी जे आहे ते गार्डनर यांच्यापाशी नव्हते: ज्या शहराविषयी ते बोलतात त्याच शहरात ते जेवतात. भोजनालयात कोणासमोर कोणता डबा उघडावा, याचा विचार त्यांच्यापैकी कोणालाही चुकलेला नसेल. हा चित्रपट आपले प्रत्यय झाकीत नाही, म्हणून त्याचे अपुरेपणही आम्हांला प्रामाणिक वाटते.

विद्यापीठात चित्रपट तयार करणे एक, आणि तो एकत्र बसून पाहणे हे दुसरे. त्याचीही किंमत पडते. नकुल सिंग सॉहनी यांचा 'मुझफ्फरनगर बाकी है' हा २०१३ च्या दंगलींवरील माहितीपट. १ ऑगस्ट २०१५ रोजी दिल्ली विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात त्याचे प्रदर्शन उधळले गेले. त्याचा निषेध हैदराबाद विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनने केला. त्यातून दोन विद्यार्थी संघटनांत वाद झाला, तक्रारी झाल्या, एका केंद्रीय मंत्र्याचे पत्र दिल्लीत गेले, चौकशा झाल्या आणि पाच संशोधक विद्यार्थ्यांना वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले. त्यांनी विद्यापीठाच्या आवारातच उघड्यावर मुक्काम केला आणि त्या जागेला नाव दिले वेलिवाडा, म्हणजे गावकुसाबाहेरची वस्ती. १७ जानेवारी २०१६ रोजी त्यांच्यापैकी रोहित वेमुला याने आपले जीवन संपविले. त्यानंतरच्या आंदोलनावर दीपा धनराज यांनी २०१८ मध्ये 'वुई हॅव नॉट कम हिअर टू डाय' हा माहितीपट केला. तत्पूर्वी, २०१७ मध्ये, रोहितविषयीच्याच 'द अनबेअरेबल बीइंग ऑफ लाइटनेस' या माहितीपटाला केरळातील महोत्सवासाठी त्याच मंत्रालयाने सूट नाकारली होती. अग्निचयनाच्या चित्रीकरणास विद्यापीठांनी दार उघडले होते. येथे एका चित्रपटाच्या प्रदर्शनावरून सुरू झालेल्या घटनांच्या अखेरीस विद्यार्थ्यांना दार बंद झाले.

आज वसतिगृहातील प्रत्येक मुलाच्या खिशात कॅमेरा आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिन, वर्षावास, नामकरण आणि विवाह यांची चित्रे आमच्या विहारांतून रोज टिपली जातात आणि त्यांतील पुष्कळशी बुद्धमूर्तीपुढील दिवे, फुले व वक्त्यांचे हार यांपलीकडे जात नाहीत. दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो माणसांसाठी रात्रभर पोळ्या लाटणाऱ्या बाया, पुस्तकांचे गठ्ठे डोक्यावरून वाहणारे हमाल आणि दुसऱ्या दिवशी मैदान झाडणारे सफाई कामगार त्या चित्रांत क्वचितच येतात. येत्या वर्षावासात हाती कॅमेरा घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी कूटदन्त सुत्त एकदा पुन्हा वाचावे, आणि मजुरांविषयीच्या त्या परिच्छेदापाशी आल्यावर कॅमेरा कोठे ठेवावा याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.